सुमारे १५० लॅपटॉपवर नवे वायफाय एकाच वेळी कसे पोहोचवावे?

प्रश्न : चाकणहून

सप्रेम नमस्कार. चाकण औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात संगणकव्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्याकडे सुमारे १५० लॅपटॉप आहेत. त्यांपैकी बहुतेकांवर विंडोज ११ प्रो आहे आणि सगळे कारखान्यातल्याच विंडोज सर्व्हर २०१९ च्या डोमेनला, म्हणजे सगळे संगणक आणि खाती एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेले आहेत. कार्यालय, गोदाम आणि उत्पादन विभाग या तिन्ही ठिकाणचे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी उपकरणे) आम्ही नुकतेच बदलले. जुन्या वायफायचा पासवर्ड आजवर कंत्राटी कामगार, मालवाहू गाड्यांचे चालक आणि भेटीला येणारे पुरवठादार अशा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला आहे. म्हणून नव्या नावाचे, नव्या पासवर्डचे नेटवर्क सुरू करून जुने बंद करावे, असे ठरले आहे.

प्रत्येक लॅपटॉपवर हे नेटवर्क हाताने जोडून देण्यास माझा विरोध आहे. त्यासाठी तिन्ही पाळ्यांतील माणसे गाठावी लागतील, आणि पासवर्ड एकदा तोंडी सांगितला की तो त्याच दिवशी पुन्हा मोबाइलमध्ये जाईल. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे डोमेनमधील संगणकांना एकाच जागेवरून सेटिंग्ज पाठवण्याच्या सोयीत, वायरलेस नेटवर्कसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे नेटवर्कचे नाव देता येते, डब्ल्यूपीए२ पर्सनल हा सामाईक पासवर्डाचा प्रकारही निवडता येतो, पण पासवर्ड लिहिण्याची जागाच दिसत नाही. दुसरा मार्ग म्हणून एका लॅपटॉपवर नवे नेटवर्क जोडून, नेटएसएच या विंडोजच्या आज्ञेने त्याचे प्रोफाइल (नेटवर्कचे नाव, पासवर्ड इत्यादींची नोंद) एक्सएमएल फाइलमध्ये काढून घेतले आणि ते दुसऱ्या लॅपटॉपवर चढवले. प्रोफाइल चढल्याचा संदेश येतो, नाव यादीत दिसते, परंतु जोडणी काही होत नाही.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. विक्री विभागाचे वीस-पंचवीस लॅपटॉप नागपूर, कोल्हापूर आणि वापी येथे फिरतीवर असतात. ते व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून सुरक्षित मार्गाने, जोडले जातात आणि चाकणला क्वचितच येतात. शिवाय गोदामात बारकोड स्कॅनर आणि लेबल छापणारे प्रिंटर आहेत, तेही वायफायवरच चालतात. व्यवस्थापनाची इच्छा नव्या नेटवर्कचे नाव देवनागरीत असावे अशी आहे. त्यात काही अडचण आहे का, तेही कृपया सांगावे.

उत्तर १ : नाशिकहून

आपण काढलेली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर का चालली नाही, ते आधी सांगतो. नेटएसएच डब्ल्यूलॅन एक्सपोर्ट प्रोफाइल ही आज्ञा नुसती दिली, तर फाइलमध्ये पासवर्ड सांकेतिक रूपात उतरतो आणि त्याच्या वर प्रोटेक्टेड या खुणेपुढे ट्रू असे लिहिलेले असते. तो संकेत त्या एकाच संगणकाला उलगडता येतो. दुसऱ्या लॅपटॉपवर प्रोफाइल चढते, पण त्याच्या हाती उपयोगी पासवर्ड पडत नाही. यावर उपाय असा की, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि त्याच आज्ञेच्या शेवटी की बरोबर क्लिअर हा पर्याय द्यावा. मग फाइलमध्ये प्रोटेक्टेडपुढे फॉल्स येते आणि पासवर्ड वाचता येईल असा उतरतो. ही फाइल दुसरीकडे चढवली की तेथील विंडोज तो पासवर्ड स्वतःच्या संकेतात साठवून घेते.

ग्रुप पॉलिसीत पासवर्डाची जागा नाही, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. तो विभाग मुळात सर्व्हरकडून ओळख तपासून घेणाऱ्या नेटवर्कांसाठी आहे. त्यामुळे सामाईक पासवर्डाचे प्रोफाइल सर्वांना पोहोचवायचे असेल, तर स्क्रिप्टला पर्याय नाही.

ही स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या लॉगऑनला लावू नये, कारण ती वापरकर्त्याच्याच मर्यादित अधिकारांत चालते. संगणक सुरू होतानाच्या स्टार्टअप स्क्रिप्टला सिस्टीम या विंडोजच्या स्वतःच्या खात्याचे पूर्ण अधिकार असतात, पण तिचीही एक मेख आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करणे म्हणजे खऱ्या अर्थाने नवी सुरुवात नसते. अशा वेळी स्टार्टअप स्क्रिप्ट चालेलच याची खात्री नसते. ती रीस्टार्ट केल्यावरच हमखास चालते. आमच्याकडे लोक आठवडेच्या आठवडे रीस्टार्ट करत नाहीत. म्हणून माझी पसंती ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधील शेड्यूल्ड टास्कच्या इमिजिएट टास्क (धोरण पोहोचताच चालणारे काम) या प्रकाराला आहे. तो सिस्टीम खात्याने चालवावा. ग्रुप पॉलिसी पार्श्वभूमीला दर ९० मिनिटांनी, त्यात शून्य ते ३० मिनिटांची भर पडून, ताजी होत असते, तेव्हा हे काम वापरकर्त्याला न अडवता होऊन जाते.

स्क्रिप्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन ॲड प्रोफाइल या आज्ञेला फाइलचा पत्ता द्यावा आणि युजर बरोबर ऑल असे स्पष्ट लिहावे, म्हणजे कोणीही लॉगऑन करण्यापूर्वीच लॅपटॉप नेटवर्कला जोडला जाईल. वायफाय कार्डाचे नाव मात्र आज्ञेत लिहू नये. बहुतेक लॅपटॉपवर ते वायफाय असेच असते, पण कार्ड किंवा ड्रायव्हर बदललेल्या लॅपटॉपवर त्याच्यापुढे २ लागलेला आढळतो आणि तेवढ्यावरून आज्ञा फसते. नाव दिलेच नाही, तर प्रोफाइल सगळ्या वायफाय कार्डांवर चढते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो : जुने प्रोफाइल त्याच स्क्रिप्टमध्ये काढून टाकू नका. ते राहू द्या आणि त्याची जोडणी स्वयंचलितऐवजी मॅन्युअल करा, तीही नवे प्रोफाइल चालते आहे हे दिसल्यानंतर. नव्यात काही चूक निघाली आणि जुने आधीच गेलेले असले, तर त्या लॅपटॉपपर्यंत दुरुस्ती पोहोचवायला मार्गच उरत नाही, आणि मग ज्या पाळ्या टाळायच्या होत्या त्याच पाळ्यांत हाती केबल घेऊन फिरावे लागते.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : चाकणहून

की बरोबर क्लिअर दिल्यावर चाचणीचे दोन लॅपटॉप लगेच जोडले गेले, याबद्दल मनापासून आभार. आता शंका अशी की, उघडा पासवर्ड असलेली ही फाइल ठेवायची कोठे? डोमेनच्या नेटलॉगन फोल्डरमध्ये ठेवली तर सगळ्या लॅपटॉपना ती आपोआप मिळेल, म्हणून तेथेच ठेवावी असा विचार आहे.

उत्तर २ : पुण्याहून

कृपया तेथे ठेवू नका. नेटलॉगन आणि सिसव्हॉल ही फोल्डरे डोमेनमधील प्रत्येक खातेदाराला वाचता येतात. गोदामातील कोणीही लॉगऑन करून ती फाइल नोटपॅडमध्ये उघडू शकेल. या जागेचा धोका काल्पनिक नाही. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून पासवर्ड पाठवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने एकेकाळी दिली होती आणि ते पासवर्ड सिसव्हॉलमध्येच सांकेतिक रूपात साठत. तो संकेत उलगडणारी किल्ली मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक दस्तऐवजांत छापलेली होती, आणि अखेर मे २०१४ मध्ये एमएस१४-०२५ या सुरक्षा सुधारणेने ती सोय काढून घ्यावी लागली. आपली फाइल तर सांकेतिकही नसेल.

फाइलसाठी वेगळे शेअर्ड फोल्डर करा. त्यावरून ऑथेंटिकेटेड युजर्स आणि एव्हरीवन हे दोन्ही गट काढा आणि डोमेन कॉम्प्युटर्स या गटाला फक्त वाचण्याचा अधिकार द्या. टास्क सिस्टीम खात्याने चालत असल्यामुळे सर्व्हरपुढे तो संगणकाच्या स्वतःच्या ओळखीने जातो, म्हणून एवढा अधिकार त्याला पुरतो. नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह लावून फोल्डर लपवणे म्हणजे संरक्षण नव्हे, हेही ध्यानात असू द्या. प्रोफाइल सर्वत्र पोहोचले की फाइल तेथून उचलून टाका.

हे सगळे नीट केले, तरी माझा मुख्य आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो आपण गांभीर्याने घ्यावा अशी विनंती आहे. १५० लॅपटॉपवर ठेवलेला एकच पासवर्ड हा गुपित राहूच शकत नाही. ज्याला आपल्या लॅपटॉपवर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत, तो नेटएसएचच्या एका आज्ञेने तो वाचू शकतो. एक कर्मचारी नोकरी सोडून गेला, की खरे तर सगळ्यांचा पासवर्ड बदलायला हवा. प्रत्यक्षात कोणीही बदलत नाही, आणि आज आपण ज्या स्थितीला कंटाळला आहात तीच स्थिती काही वर्षांनी पुन्हा समोर उभी राहते. कुलूप नवे घ्यायचे आणि किल्ल्या पूर्वीसारख्याच वाटायच्या, असे ते आहे.

आपल्याकडे डोमेन आहे आणि विंडोज सर्व्हर आहे. याचा अर्थ ८०२.१एक्स पद्धतीसाठी (नेटवर्कला जोडताना प्रत्येकाची ओळख सर्व्हरकडून तपासणारी पद्धत) लागणारे जवळजवळ सगळे साहित्य आपण आधीच विकत घेतलेले आहे. ही ओळख तपासणारा नेटवर्क पॉलिसी सर्व्हर आणि प्रमाणपत्रे देणारा सर्टिफिकेट सर्व्हिसेस हा भाग, हे दोन्ही विंडोज सर्व्हरबरोबर येतात. त्या पद्धतीत प्रत्येक लॅपटॉपला डोमेनकडून स्वतःचे प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, मिळते आणि ॲक्सेस पॉइंट ते तपासण्यासाठी पॉलिसी सर्व्हरकडे पाठवतो. सामाईक पासवर्ड असा काही उरतच नाही. लॅपटॉप हरवला, तर त्याचे संगणकखाते डोमेनमध्ये बंद करावे. वायफायची दारे तेवढ्या एकट्यापुरती बंद होतात आणि बाकीच्या कोणाला काही कळतही नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रथम प्रमाणपत्र देणारा सर्व्हर उभा करा, वर्कस्टेशन ऑथेंटिकेशन या साच्याची प्रत घेऊन तिच्यावर डोमेन कॉम्प्युटर्स गटाला ऑटोएनरोलचा, म्हणजे प्रमाणपत्र आपोआप मिळवण्याचा, अधिकार द्या आणि ग्रुप पॉलिसीत ऑटोएनरोलमेंट चालू करा. दोन-चार दिवसांत बहुतेक लॅपटॉपवर प्रमाणपत्रे आपोआप उतरलेली दिसतील, आणि या टप्प्यावर वायफायला अजून हातही लागलेला नसेल. नंतर पॉलिसी सर्व्हरला त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र द्या, प्रत्येक ॲक्सेस पॉइंट किंवा त्यांचा कंट्रोलर रेडियस क्लायंट (पॉलिसी सर्व्हरकडे ओळख तपासायला पाठवणारे उपकरण) म्हणून नोंदवा आणि नियमात डोमेन कॉम्प्युटर्स हा गट व प्रमाणपत्राची ईएपी (ओळख पटवण्याची) पद्धत निवडा. ओळख तपासणीसाठी यूडीपी १८१२ आणि जोडण्यांच्या नोंदींसाठी १८१३ हे पोर्ट लागतात. विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये एक जुना दोष आहे : पॉलिसी सर्व्हर बसवताना फायरवॉलचे नियम आपोआप तयार होतात, पण ते लागू पडत नाहीत. पॉलिसी सर्व्हरच्या आयएएस या सेवेचा साइडटाइप अनरिस्ट्रिक्टेड करणारी एससी आज्ञा देऊन सर्व्हर रीस्टार्ट केला की ते चालू लागतात. हे माहीत नसल्यास माणूस ॲक्सेस पॉइंटमध्ये दोष शोधत बसतो.

सगळ्यात शेवटी तो ग्रुप पॉलिसीतला वायरलेस विभाग, जेथे आपल्याला पासवर्डाची जागा सापडली नाही. तेथे नेटवर्कचे नाव, डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज (८०२.१एक्सचा प्रकार) आणि कॉम्प्युटर ऑथेंटिकेशन एवढे निवडा. संगणकाच्या ओळखीने जोडणी होत असल्यामुळे कोणी लॉगऑन करण्यापूर्वीच लॅपटॉप डोमेनशी बोलू लागतो. एकच लॅपटॉप तीन पाळ्यांत तीन माणसे वापरतात अशा उत्पादन विभागात याचे मोल फार आहे. सर्व्हरची ओळख तपासण्याचा पर्याय चालूच ठेवा, त्यात पॉलिसी सर्व्हरचे नाव आणि आपले रूट प्रमाणपत्र (प्रमाणपत्र देणाऱ्या सर्व्हरचे मूळ प्रमाणपत्र) नेमून द्या, आणि वापरकर्त्याला नवा सर्व्हर मान्य करू देऊ नका. हा पर्याय वैतागून बंद केलेली ठिकाणे मी पाहिली आहेत. तसे केल्यास लॅपटॉप त्याच नावाच्या कोणत्याही बनावट ॲक्सेस पॉइंटवर विश्वास ठेवू लागतो.

प्रमाणपत्रांऐवजी नाव आणि पासवर्ड तपासणारी पीईएपी पद्धत सोपी आहे, असे आपल्याला कोणी सुचवतील. मी ती आज नव्याने सुरू करणार नाही. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारांत, हार्डवेअर योग्य असेल तर, क्रेडेन्शियल गार्ड (पासवर्डांचे रक्षण करणारी विंडोजची सोय) मुळातच चालू असतो आणि त्याच्यामुळे या पद्धतीची आपोआप होणारी जोडणी बंद पडते. आपल्याकडे आज प्रो आहे, तरी उद्याच्या खरेदीचा विचार आजच केलेला बरा. शिवाय लोक तेच नाव आणि पासवर्ड मोबाइलमध्ये घालतात. पुढे पासवर्ड बदलला की मोबाइल जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि बिचाऱ्याचे डोमेन खाते कुलूपबंद होते.

उत्तर ३ : ठाण्याहून

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फिरतीवरील लॅपटॉप, स्कॅनर आणि नेटवर्कचे नाव हे तीन मुद्दे राहिले आहेत, त्यांविषयी लिहितो.

प्रोफाइल चढवण्यासाठी ते नेटवर्क आसपास असावे लागत नाही. त्यामुळे नागपूर, कोल्हापूर वा वापीचा लॅपटॉप व्हीपीएनवर असताना त्याला डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) दिसत असेल, तर ग्रुप पॉलिसी त्याच्यापर्यंत पोहोचते. प्रमाणपत्रही मिळते, मात्र व्हीपीएनच्या फायरवॉलने प्रमाणपत्र सर्व्हरकडे जाणारी वाट अडवलेली नसावी. पुढे तो लॅपटॉप केव्हाही चाकणला आला, की आपोआप जोडला जाईल. व्हीपीएन अर्ध्या तासासाठीच जोडून लगेच तोडणाऱ्यांकडे धोरण वेळेत पोहोचेलच याची खात्री नसते. त्यांना दूरध्वनी करून जीपीअपडेट ही ग्रुप पॉलिसी ताजी करणारी आज्ञा एकदा हाताने चालवून घ्यावे लागेल.

हे लॅपटॉप पुढेमागे इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड व्यवस्थापन सेवेवर नेणार असाल, तर तेथे रूट प्रमाणपत्र, लॅपटॉपचे प्रमाणपत्र आणि वायफाय प्रोफाइल अशी तीन स्वतंत्र धोरणे असतात आणि ती तिन्ही एकाच गटाला लावावी लागतात. गट वेगवेगळे पडले की वायफाय प्रोफाइल प्रमाणपत्राची वाट पाहत अडकते. आणखी एक खबरदारी म्हणजे, मे २०२२ च्या सुधारणेनंतर डोमेन कंट्रोलर प्रमाणपत्र आणि खाते यांचा पक्का संबंध मागतात. ही अट फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाली आणि तात्पुरत्या सवलतीचा मार्गही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. आपल्या स्वतःच्या सर्व्हरने डोमेनमधील माहितीवरून दिलेल्या प्रमाणपत्रांत हा संबंध आपोआप लिहिला जातो, पण इंट्यूनमार्फत दिलेल्या प्रमाणपत्रांत तो मुद्दाम घालावा लागतो.

बारकोड स्कॅनर आणि लेबल प्रिंटर यांतील अनेक यंत्रांना ८०२.१एक्स जमत नाही. त्यांच्यासाठी सामाईक पासवर्डाचे वेगळे नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र विभागावर, ठेवा आणि त्या व्हीलॅनमधून फक्त गोदामाच्या सर्व्हरकडे जाऊ द्या. हा पासवर्ड पूर्ण लांबीचा, म्हणजे ६३ अक्षरांपर्यंतचा, ठेवता येतो. तो यंत्रांत एकदाच भरायचा असल्यामुळे कोणाला पाठ करावा लागत नाही.

देवनागरी नावाची इच्छा मला मनापासून आवडली, आणि विंडोज ११ वर ते व्यवस्थित दिसते. परंतु वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा मोजल्या जातात, म्हणून एकूण दहाच खुणा मावतात. जुन्या स्कॅनरच्या पडद्यावर असे नाव वाचता येत नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कला देवनागरी नाव द्यावे आणि लॅपटॉप व यंत्रांच्या नेटवर्कांची नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवावीत, असे मी सुचवेन.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : चाकणहून

व्यवस्थापनाशी बोलणे झाले. प्रमाणपत्रांची पद्धत मान्य झाली आहे आणि पाहुण्यांच्या नेटवर्काला देवनागरी नाव मिळणार आहे. तोवर सामाईक पासवर्डाचे प्रोफाइल मधला टप्पा म्हणून पाठवावे, की थेट प्रमाणपत्रांवर जावे, याबद्दल आपले मत हवे आहे. जुने नेटवर्क केव्हा बंद करावे, हाही प्रश्न आहे. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी ते बंद करावे असा विचार आहे.

उत्तर ४ : पुण्याहून

थेट प्रमाणपत्रांवर जा. मधल्या टप्प्याचा पासवर्ड पाठवला की घाई संपते, आणि घाई संपली की असली कामे मागे पडतात. जुने नेटवर्क आणखी काही आठवडे चालू राहिल्याने आजच्यापेक्षा अधिक नुकसान होणार नाही.

धोरण प्रथम आपल्या स्वतःच्या विभागाला लावा, मग लेखा विभागासारख्या एका जागी बसून काम करणाऱ्यांना, आणि उत्पादन विभागाला सर्वांत शेवटी. कोणाची जोडणी नाकारली गेली, तर पॉलिसी सर्व्हरच्या नोंदींत ६२७३ क्रमांकाची घटना पाहा. कारण क्रमांक २२ असेल, तर ईएपी पद्धतीची निवड दोन्हीकडे सारखी नाही असे बहुधा निघते. २६५ असेल, तर प्रमाणपत्र देणाऱ्या साखळीवर विश्वास बसलेला नाही. मान्य झालेल्या जोडण्या ६२७२ क्रमांकाने नोंदल्या जातात. लॅपटॉपच्या बाजूने पाहायचे झाल्यास नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट ही आज्ञा गेल्या तीन दिवसांच्या जोडण्यांचा वाचनीय अहवाल तयार करून देते.

गुरुवारी बंद करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्टीच्या दिवशी कोणी तक्रार करणार नाही आणि शुक्रवारी पहिल्या पाळीला सगळ्या तक्रारी एकदमच येतील. त्याऐवजी कंट्रोलरवर जुन्या नेटवर्काला जोडलेल्या उपकरणांची यादी रोज पाहा. तीत कंपनीचे लॅपटॉप दिसेनासे होऊन केवळ मोबाइल उरले, की कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, पाळी स्थिरावल्यावर, जुने नेटवर्क अर्ध्या तासासाठी बंद करा आणि कोण अडते ते पाहून पुन्हा चालू करा. कारखान्यात अशी एखादी विसरलेली वस्तू हमखास निघते. वजनकाट्याला जोडलेला संगणक किंवा हजेरीचे यंत्र प्रथम तपासा. तिची सोय लावून झाल्यावर पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा करा. अर्ध्या तासात कोणाचाही दूरध्वनी आला नाही, तर पुन्हा चालू करण्याचे कारण नाही.

पॉलिसी सर्व्हरच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र आजच दिनदर्शिकेत लिहून ठेवा. नेहमीच्या साच्यात ती एक वर्षाची असते. नूतनीकरण आपोआप झाले, तरी नियमात नवे प्रमाणपत्र निवडले गेले आहे का हे डोळ्यांनी पाहावे, कारण ते निसटले तर १५० लॅपटॉप एकाच सकाळी बाहेर राहतात. जमल्यास दुसरा पॉलिसी सर्व्हर उभा करून तोही ॲक्सेस पॉइंटांत नोंदवून ठेवा.